उलव्याहून आणलेलं मशीन

सोम. ३ नोव्हें.

तळोज्याचं शिवणाचं युनिट कायमचं बंद. दिवाळीच्या सुट्टीनंतर गेलो तर गेटला कुलूप आणि नोटीस. हिशोबाचे पैसे खात्यात आले आहेत, त्याबद्दल कुरकूर नाही. शाहीन आणि मी समोरच्या टपरीवर चहा घेतला. इतकी वर्षं शेजारशेजारच्या मशीनवर बसलो, आज पहिल्यांदाच बोलायला भरपूर वेळ होता.

ती म्हणाली, "मीना, आता घरीच शिवायचं. दुसऱ्याच्या दारात जायचं नाही."

घरी पायमशीन आहे. पण पॉवर मशीनची सवय झालेल्या पायाला ते चालवताना चिखलातून चालल्यासारखं वाटतं. लग्नसराई तोंडावर. नवीन घेणं शक्य नाही. जुनं बघायचं.

नवरा दिनेश पोर्टवरच्या ड्युटीवरून आला, जेवला. त्याला सांगितलं. "बघ," म्हणाला. एवढंच.

बुध. ५ नोव्हें.

दिवसभर मोबाइलवर जुन्या मशीनच्या जाहिराती. डोळे दुखले. निम्म्या जाहिरातींत एकच फोटो, गाव वेगळं.

सासूबाईंनी अंगणात जवळा वाळत घातलाय. "आई, उद्या लोकांचे ब्लाउज घरात येणार, वास लागेल," म्हटलं. म्हणाल्या, "लोकांच्या घरात काय आमटी शिजत नाय काय?" पण चटई गच्चीवर नेली. म्हणजे पटलं.

एक मशीन सापडलंय. जवळजवळ नवं, टेबल-मोटर सगळं, किंमत निम्म्याहून कमी. विकणारा सैन्यात आहे, बदली झाली म्हणतो. ओळखपत्राचा फोटो पाठवला. हिंदीत बोलतो, दर वाक्याला 'मॅडम'.

गुरु. ६ नोव्हें.

गेले. अडीच हजार गेले.

कसं झालं ते लिहून ठेवते. तो म्हणाला, सामान कॅम्पच्या गोडाउनमध्ये आहे, बाहेर काढायला गेटपास लागतो, त्याचे पैसे आधी भरा, मशीन पोचलं की परत मिळतात. मी पाठवले. दहा मिनिटांत म्हणाला, मॅडम, तुमचा रिफंड तयार आहे, कोड पाठवलाय, स्कॅन करा आणि पिन टाका.

स्कॅन केलं. पिनचे दोन आकडे टाकले. वरची ओळ वाचली तर रक्कम 'देण्यासाठी' लिहिलेलं. मिळण्यासाठी नाही. आणि रक्कम अडीच हजार नव्हे, मशीनच्या पूर्ण किमतीएवढी. पैसे माझ्याकडे यायचे असतील तर पिन माझा कशाला?

फोन बंद करून डब्यात ठेवला. तांदळाच्या. का ते माहीत नाही.

परत चालू केला तर त्याचे कितीतरी मिस्ड कॉल. एकदा उचलला. 'मॅडम' गेलं होतं. शिवी दिली.

दिनेशला सांगायचं कसं...

शुक्र. ७ नोव्हें.

सांगितलं. ओरडला नाही. बरोबर आला. आधी सायबरच्या हेल्पलाइनला फोन, मग पोलीस ठाण्यात. हवालदार म्हणाले, "ताई, काल लगेच फोन करायला हवा होता. पहिला तासभर महत्त्वाचा असतो. पण पिन पूर्ण टाकला नाहीत, हे नशीब." तक्रार नोंदवली. परत येतील असं कोणी म्हणालं नाही.

दुपारी शाहीन घरी आली. अर्धा तास नसीहत. "डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक पैसा द्यायचा नाही, मीना. एकटी जायचं नाही. अंधार पडल्यावर तर नाहीच. आणि मशीन टेम्पोत चढेपर्यंत पर्स उघडायची नाही. यकीन ठेवायचंच तर मशीनवर ठेव, ते खोटं बोलत नाही."

निघताना माझ्या हातात दोन बॉबिन केस ठेवून गेली. म्हणाली, युनिटमधली नाहीत गं, माझी आहेत.

मंगळ. ११ नोव्हें.

खारघर. उंच बिल्डिंग, खाली पार्किंगमध्ये मशीन झाकून ठेवलेलं. शाहीनबरोबर गेले. विकणारा एक तरुण, कानात हेडफोन. "चालवून दाखवा," म्हटलं. "इथे लाइट नाही." समोरच्या खांबावर कुणाची तरी स्कूटर चार्जिंगला लावलेली. शाहीनने नुसतं बोट दाखवलं. तो म्हणाला, वायर पुरणार नाही. मी म्हटलं, आम्ही दोघी टेबल उचलून तिकडे नेतो, दोन पावलं तर आहेत. मग म्हणाला घ्यायचं असेल तर घ्या, अजून तीन पार्ट्या लाइनीत आहेत. आणि रोख द्या.

चादर जराशी वर केली. मशीनच्या मानेवर वेल्डिंगचा जाड वळ, वरून रंग मारलेला.

येताना शाहीन रिक्षात हसत सुटली. "तीन पार्ट्या! त्या मशीनचं लग्न आहे वाटतं." मलाही हसू आलं. गेल्या गुरुवारनंतर पहिल्यांदा.

रवि. १६ नोव्हें.

झालं. मशीन घरात आहे.

उलवे. दिनेशला सुट्टी होती, तो आणि मी. चहूकडे खोदकाम, धूळ, पण बिल्डिंग राहती. गेटवर वॉचमनने रजिस्टरमध्ये नाव, फोन, कुठल्या फ्लॅटला ते लिहून घेतलं. बरं वाटलं, निदान खरा पत्ता आहे.

माणसाचं नाव प्रशांत. चाळिशीच्या आतला, नीटनेटका. आधार कार्ड न मागता पुढे केलं. मशीन बेडरूमच्या खिडकीशी. म्हणाला, "मिसेस शिवायची, आता नाही शिवत. जागा अडते." मी प्लग लावला, बरोबर नेलेलं कापड घेतलं, सरळ शिवण, मग जाड घडीवर, मग उलटी. टाका एकसारखा. आवाज स्वच्छ. तेल ताजं, कापड सरकवणाऱ्या दातरीत कचरा नाही. असं ठेवलेलं मशीन युनिटमध्येसुद्धा कमी पाहिलंय.

मिसेसशी बोलू का, विचारलं. त्याने फोन लावून दिला. बाई म्हणाल्या, "हो हो, द्यायचंच आहे ते. घेऊन जा." झालं.

विक्रीची पावती मी घरूनच लिहून नेली होती, त्यावर त्याची सही. टेम्पोत चढल्यावर पैसे पाठवले, स्क्रीनवर त्याचंच नाव आलं. दिनेश म्हणाला, "अगं, सरकारी टेंडर काढलंस की मशीन घेतलंस?"

सासूबाईंनी मशीनला हळदकुंकू लावलं आणि जवळ्याची चटणी केली. दोन्ही एकाच हाताने. आज मी काही बोलले नाही.

सोम. १७ नोव्हें.

पहिलं गिऱ्हाईक. गल्लीतल्या म्हात्रेवहिनी, घरी लग्न आहे, एकदम सात ब्लाउज. आगाऊ पैसे दिले.

मशीनचा ड्रॉवर साफ करताना दोन ब्लाउज सापडले. एकाला बाह्या लावायच्या राहिल्यात, दुसऱ्याचा गळा टाचलेला. दोन्हींना मापाची चिठ्ठी टाचणीने लावलेली. प्रशांतला फोन केला. "जुनं असेल काहीतरी, फेकून द्या."

फेकले नाहीत. जरीचं कापड आहे. कपाटात ठेवले.

शुक्र. २१ नोव्हें.

काम, काम. पाठ भरून आली. संध्याकाळी सासूबाई शेजारी बसून काजं-बटणं करतात. डोळ्यांना दिसत नाही म्हणतात आणि टाका माझ्याहून बारीक.

अडीच हजारांची आठवण आज आली नाही. आत्ता लिहिताना आली.

सोम. २४ नोव्हें.

दुपारी अनोळखी नंबर. बाईचा आवाज. "तुम्ही मीनाताई का? तुम्ही माझं मशीन नेलंत."

मी म्हटलं, कोण बोलतंय. म्हणाली, रेश्मा, उलव्याची, प्रशांतची बायको. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून पेणला गेले होते, आज आले तर खिडकीशी मशीन नाही. नंबर वॉचमनच्या रजिस्टरमधून घेतला.

माझ्या डोक्यात पहिला विचार हाच की आता हा नवीन प्रकार. आधी विकायचं, मग बायको म्हणून रडायचं, मग पैसे मागायचे. आणि माझ्याशी बोललेल्या मिसेसचा आवाज जाड होता, हिचा पातळ. सरळ म्हटलं, "तुमच्या मिस्टरांशी बोला. माझ्याकडे सही आहे." कापला. ब्लॉक केला.

बरोबर केलं. शाहीनलाही फोनवर सांगितलं, ती म्हणाली, शाबास.

मंगळ. २५ नोव्हें.

सकाळी दुसऱ्याच नंबरवरून मेसेज. पैसे मागितलेले नाहीत. धमकी नाही. एवढंच:

'मोटरच्या स्विचच्या मागे लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. तिथे बोट लावू नका, कधीकधी शॉक लागतो. वायरमनला दाखवायचं राहून गेलं. रेश्मा.'

मशीन बंद केलं, प्लग काढला, टेबलाखाली शिरले. मोबाइलचा टॉर्च. ठिपका आहे. नखाएवढा.

सासूबाई वरून विचारतायत, "काय हरवलाय गो?"

बराच वेळ टेबलाखालीच बसून राहिले. फसवणाऱ्या बाईने मला शॉक लागू नये म्हणून मेसेज कशाला करावा?

दिनेशने संध्याकाळी स्विच बदलला. ब्लॉक काढला. फोन मात्र केला नाही. काय बोलायचं?

गुरु. २७ नोव्हें.

शेवटी मीच फोन केला. म्हटलं, घरी या, दुपारी, घरात सगळे असतात. (अजूनही सावध. दिनेशला मुद्दाम थांबायला सांगितलं. शाहीनलाही बोलावलं.)

आली. माझ्याहून बरीच लहान. अंगात स्वतः शिवलेला ड्रेस, ते एका नजरेत कळतं. बसली नाही, आधी मशीनकडे बघितलं. हात लावला नाही. सासूबाई म्हणाल्या, "बस गो. पानी पी. मशीन कुठं पलत नाय."

मी कपाटातून ते दोन ब्लाउज काढले. तिने हातात घेतले आणि तेव्हा रडली. मशीन बघून नाही. म्हणाली, "शिंदेकाकूंचे आहेत. पोरीच्या साखरपुड्याचे. मी त्यांना तोंड कसं दाखवू म्हणून बिल्डिंगचा जिनासुद्धा उतरत नव्हते."

मग एकेक बाहेर आलं. मशीन तिने स्वतःच्या शिवणाच्या पैशांतून घेतलेलं. नवऱ्याला आवाज आवडत नाही, बायका मापं द्यायला येतात ते आवडत नाही. "तो वाईट नाही हो ताई. दारू नाही, हात उचलत नाही. पण घरी आला की त्याला घर रिकामं लागतं." तोंडावर कधी 'बंद कर' म्हणाला नाही. ती पेणला गेल्यावर जाहिरात टाकली.

मिसेस म्हणून माझ्याशी फोनवर बोलली ती त्याची बहीण.

शाहीन म्हणाली, "पोलिसात जा." रेश्मा म्हणाली, "त्याच्यावर तक्रार करून मग रात्री कुठल्या घरी जाऊ? मुलगी दुसरीत आहे."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

गुरु., पुढे

खरं लिहायचं तर मशीन द्यावंसं वाटलं नाही. वाटतही नाही. माझी चूक कुठे आहे? पत्ता बघितला, माणूस बघितला, कागद केला, बायकोशी बोलले. ह्याहून जास्त काय बघतात? हिशोबाचे पैसे त्यात गेलेत आणि म्हात्रेवहिनींचे पाच ब्लाउज बाकी आहेत.

तिच्याकडे परत द्यायला पैसे नाहीत. प्रशांतकडे मागितले तर खर्च झाले म्हणतो. कशावर, ते तिला सांगत नाही.

दिनेशने तिच्यासमोर प्रशांतला फोन लावला, स्पीकरवर. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही व्यवहार केलात, मी केला. सही आहे. विषय संपला." दिनेश म्हणाला, "पण वस्तू तिची होती." तर तो म्हणाला, "तुम्ही घरातलं काही विकताना दर वेळी विचारता का?"

दिनेशने माझ्याकडे बघितलं. गेल्या वर्षी माझी सायकल भंगारवाल्याला दिली होती ती त्याला आठवली असणार. मला तर आठवलीच.

फोन ठेवल्यावर सासूबाईंनी निकाल दिला. मला, "तू मशीन सोडू नको, तुजा पैसा गेलाय." तिला, "आनि तू हितं येऊन शिव. दुपारचा मीना आडवी होते, तवा मशीन रिकामाच असतो. आदी त्या काकूचा काम पुरा कर."

म्हणजे माझी दुपारची झोप गेली. पण दुसरं काही सुचत नव्हतं कोणाला.

शनि. २९ नोव्हें.

रेश्मा पहिल्यांदा आली. नवरा कामावर, मुलगी शाळेत, तेवढ्या वेळात उलव्याहून इकडे कामोठ्याला यायचं, शिवायचं, परत जायचं. शिंदेकाकूंचे दोन्ही ब्लाउज पुरे केले. मी पलंगावर पडून होते, झोप कसली येते. तिचं मशीन ती चालवते तेव्हा आवाज वेगळा येतो. मी दाबून चालवते. ती नुसता पाय ठेवते.

जाताना विचारलं, "परत येऊ?" म्हटलं, ये.

बुध. ३ डिसें.

चिडचिड. तिने धाग्याचं टेन्शन सैल केलं, मला परत घट्ट करावं लागलं, तासभर टाका बसेना. बोलले तिला. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, ह्या मशीनला घट्ट चालत नाही. रेशमावर चुणी पडते." करून दाखवलं. बरोबर होतं. राग अजून जास्त आला.

म्हात्रेवहिनींनी विचारलं, ती दुपारची पोरगी गळे शिवते का, मागच्या वेळचा गळा छान बसला होता. तो गळा मी शिवला होता. सांगितलं नाही त्यांना.

शुक्र. ५ डिसें.

आज दोघींनी मिळून काम केलं. मी कापलं, तिने शिवलं, सासूबाईंनी हुक लावले. एका दुपारीत चार. एकटीने दोन दिवस लागले असते.

रेश्माने तिच्या वाट्यातले थोडे पैसे माझ्यापुढे ठेवले. "मशीनचे. हळूहळू." घेऊ की नको? घेतले तर मशीन तिचं व्हायला लागलं. नाही घेतले तर ती इथे मजूर. ठेवून घेतले, वेगळ्या पाकिटात. दिनेशला सांगितलं. म्हणाला, "तुझं तू ठरव." मग थोड्या वेळाने स्वतःहून, "सायकलचं मी विचारायला हवं होतं."

मी म्हटलं, हो.

सोम. ८ डिसें.

रेश्मा आली नाही. फोन बंद. संध्याकाळी मेसेज: 'त्याला कळलं. उद्या बोलते.'

शाहीन म्हणते, तू ह्यात पडू नकोस, नवरा-बायकोच्या मधे पडलेल्याला दोघांचीही हमदर्दी मिळत नाही. पण मी पडले कुठे? जुनं मशीन घ्यायला गेले होते.

बुध. १० डिसें.

आली. डोळे सुजलेले, पण मारलं वगैरे नाही म्हणाली, मी विचारायच्या आधीच. भांडण झालं. तो म्हणत होता, लोकांच्या घरी जाऊन शिवतेस, माझी काय इज्जत राहिली. ती म्हणाली, घरी शिवत होते तेव्हा तरी कुठे चालत होतं. त्यावर तो मुलीला घेऊन खाली फिरायला गेला.

"आणि मग?"

"मग काही नाही. जेवलो."

सासूबाईंनी तिला जबरदस्तीने भाकरी खायला लावली. "रिकाम्या पोटी सुई चालवू नको, बोटात जाते." काम बरं झालं.

पाकीट अजून कपाटात. मोजलं नाही.

शुक्र. १२ डिसें.

शाहीनकडे मोहल्ल्यात गेले होते. तिलाही जुनं पॉवर मशीन हवंय, जाहिराती दाखवत होती. एक आवडलं होतं. मी म्हटलं, पत्ता, चालवून बघणं, पैसे शेवटी, ते सगळं तुला माहीतच आहे. पण घरात आतापर्यंत ते कोण वापरत होतं ते विचार, आणि तिला समोर बसवून विचार. फोनवर नको. शाहीन म्हणाली, "असं कुणी विचारतं का?" मी म्हटलं, मीही नव्हतं विचारलं.

सोम. १५ डिसें.

आत्ताच घडलं, लगेच लिहिते.

रेश्मा मशीनवर. नवरीचा ब्लाउज, गुरुवारी द्यायचा. मी शेजारी अस्तर कापत होते. फोनवर मेसेज आला, प्रशांतचा. विक्रीच्या दिवसानंतर स्वतःहून आज पहिल्यांदा.

'मॅडम, ते मशीन मला परत पाहिजे. तुम्ही दिले तेवढे पूर्ण पैसे आहेत माझ्याकडे, वर टेम्पोचं भाडंही देतो. रविवारी येतो. फक्त रेश्माला आत्ता सांगू नका.'

तीनदा वाचला. तिला अचानक द्यायचंय म्हणून सांगू नका? की इथून हलवून दुसऱ्याच कुणाला विकायचंय, म्हणजे तिचं इकडे येणंच बंद? वाक्य एकच आहे आणि दोन्हीला बसतं. मला त्या माणसाचा चेहरासुद्धा नीट आठवत नाही. नीटनेटका होता, एवढंच.

पैसे सगळे परत मिळतायत. ते पहिल्यांदा मनात आलं, हेही लिहून ठेवते.

'कशासाठी हवंय?' असं टाइप केलं. पुसलं. तो काय खरं सांगणार, आणि सांगितलं तरी मी कशावरून ओळखणार?

रेश्माने मान वर न करता विचारलं, "कोण, ताई?"

मी फोन तिच्या हातात दिला.

तिने वाचलं. परत वाचलं. चेहऱ्यावरून काही कळेना. मला वाटलं हसेल, किंवा उठून जाईल. सासूबाईसुद्धा हुक लावायच्या थांबल्या.

तिने फोन पालथा करून टेबलावर ठेवला. गळ्याची कड सरळ केली, मशीनचा फूट खाली घेतला.

"आधी हा गळा पुरा करते," म्हणाली. "मग मी त्याला फोन लावते. तुम्ही इथेच बसा."

मशीन चालू आहे. मी बसले आहे.